पालघर-माहीम प्रांतांतील बागा व नगरपालिकांचीं अंदाजपत्रकें

संशोधकांच्या संग्रहांत सनदा, महजर, वतनपत्रें व खाजगी पत्रव्यवहार यांस जें स्थान मिळतें तें नगरपालिकांच्या जमाखर्चाच्या कागदांस अद्याप मिळालेलें नाहीं. मोडी रुमाल दिसला कीं तो सोडून पाहण्याचा मोह आम्हां कोणासच आवरत नाहीं; परंतु एखाद्या लहान गांवच्या म्युनिसिपालिटीचें जुनें छापील अंदाजपत्रक रद्दीच्या गठ्ठ्यांत आढळलें, तर तें बाजूस सारून आम्ही त्याखालची पोथी शोधूं लागतों. सार्वजनिक बागेसारख्या वस्तूचा इतिहास लिहावयाचा झाल्यास ही चूक चांगलीच महागांत पडते. कोनशिलेवरून बागेच्या जन्माची तिथि तेवढी कळते. पुढें ती जगली कीं वाळली, तिला माळी किती होते, पाणी कोठून येई, हें जमाखर्चावांचून कळण्यास दुसरा मार्ग नाहीं. प्रस्तुत लेखांत पालघर, माहीम व बोईसर-तारापूर या टापूच्या अनुरोधानें, बागेचा पैसा हिशेबांत कोठें बसविला जात असे व आज कोठें बसविला जातो, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम स्थळाविषयीं. येथें माहीम म्हणजे केळवें-माहीम. मुंबईचें माहीम नव्हे. कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’च्या वाचकांस या नामसाम्यानें केवढा घोटाळा होतो हें ठाऊकच आहे. इंग्रजी अमलांत तालुक्याचें ठाणें माहीम येथें होतें व तालुक्यासही माहीमचेंच नांव होतें. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरांत माहीम येथील म्युनिसिपालिटीची गणना आहे. पालघर हें त्या वेळीं कांहीं मैल पूर्वेस असलेलें रेल्वेचें एक स्टेशन. १८६४ सालीं मुंबईस पोहोंचलेल्या बी. बी. सी. आय. रेल्वेनें हळूहळू या दोन गांवांचें नशीब बदललें. कचेऱ्या व बाजार रुळाकडे सरकले, तालुक्याचें नांव पालघर झालें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हें नव्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. आज नगरपरिषद पालघरास आहे, आणि जेथें एके काळीं म्युनिसिपालिटी होती तें माहीम गांवठाणाच्या पदवीस उतरलें आहे.

या किनारपट्टीवर बाग ही कोणासही नवलाची वस्तु नाहीं. केळवें, माहीम, शिरगांव, सातपाटी, चिंचणी, तारापूर या ओळींत समुद्राच्या वाळूमागें वाड्याच वाड्या आहेत. नागवेलीचे पानमळे, केळी, माड, सुपारी, आलें यांवर येथील कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या जगलीं, व वाडवळ हें समाजाचें नांवच वाडीवरून पडलें. पावसाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने वाडीचें सर्व कांहीं विहीर आणि रहाट यांवर चाले. रहाट थांबला कीं पानमळा कांहीं दिवसांतच जातो, ही गोष्ट येथील लहान पोरासही सांगावी लागत नाहीं. तारापूरच्या किल्ल्यासही हाच न्याय लागू पडला. १७३९ च्या मोहिमेंत चिमाजी अप्पांच्या फौजांनीं माहीम, केळवें, शिरगांव व तारापूर हीं ठाणीं फिरंग्यांपासून घेतलीं. तारापुरास बाजी भिवराव पडले. ज्या तटासाठीं एवढें रक्त सांडलें तो पुढें विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थाच्या घराण्याकडे इनाम गेला, आणि आंत विहिरी व बागा नांदूं लागल्या.

अशा मुलखांत सरकारी हिशेबाच्या दृष्टीनें बाग ही जमेची बाब होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पेशवाईंत हुजूर दप्तराचे जे विभाग होते त्यांतील चालत्या दप्तराखालीं फड, बेहेडा व सरंजाम हे पोटविभाग मोडत. बेहेडा म्हणजे महालाच्या येत्या वर्षाच्या वसुलाचा अजमास व त्यावर तोडून दिलेल्या नेमणुका. अमुक शिबंदीस, अमुक देवस्थानास, अमुक धर्मादायास अशी नेमणूक आधीं ठरे, व वर्ष सरल्यावर कमाविसदाराच्या हिशेबाशीं ती ताडून ताळेबंद होई. बागाईत जमीन व माड हीं या पद्धतींत उत्पन्नाच्या बाजूस बसत. सरकारी बागेकडे माळी, बैल, मोट यांचा खर्च पडे तो त्या बागेच्याच नांवें पडे, व तिचीं फळें, फुलें कोठें गेलीं हेंही लिहिलें जाई. बाग आणि तिचा माळी हे त्या कागदांत एकमेकांपासून सुटलेले दिसत नाहींत. आमच्या पुढील विवेचनाचा सर्व भार या एका गोष्टीवर आहे.

इंग्रजी अमलांत बागेचा अर्थ बदलला. १८५० च्या २६ व्या कायद्यानें गांवांस म्युनिसिपालिटी मागण्याची मुभा दिली. त्यामागून मुंबई इलाख्यांत १८७३, १८८४ व १९०१ या सालांचे डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदे आले. १९०१ च्या कायद्यांत म्युनिसिपालिटीचीं कर्तव्यें दोन राशींत विभागलेलीं आहेत. दिवाबत्ती, झाडलोट, गटारें, आगीचा बंदोबस्त, देवी काढणें, जन्ममृत्यूची नोंद, प्राथमिक शाळा हीं आवश्यक. आणि दुसरी रास ऐच्छिक. या दुसऱ्या राशींत सार्वजनिक उद्यानें, बागा, ग्रंथालयें, वस्तुसंग्रहालयें, वेड्यांचीं इस्पितळें व धर्मशाळा हीं एकाच दमांत सांगितलीं आहेत. पुराणवस्तु जमविणाऱ्या आम्हां मंडळीस या पंक्तींत आपलें पान कोठें मांडलें आहे हें पाहून थोडें हसूं येईल. परंतु हा भेद शब्दांचा नव्हे, पैशाचा आहे. आवश्यक कर्तव्यांत हयगय झाली तर वरिष्ठ सरकारास जाब विचारतां येतो. ऐच्छिक बाबीवरील रक्कम खोडली तर कोणीही कांहीं विचारीत नाहीं. १८८८ च्या मुंबई शहराच्या कायद्यांत हीच वांटणी आहे, व तेथेंही बागा ऐच्छिकांतच आहेत.

मुंबईचा उल्लेख आला आहे तर राणीच्या बागेची हकीकत येथें सांगणें इष्ट होईल. कारण बाग घालणें निराळें व राखणें निराळें हें तीवरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या उदाहरणानें होणार नाहीं. पश्चिम हिंदुस्थानच्या शेतकी व बागाईत मंडळाची बाग आधीं शिवडीस होती. भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्तें उघडली. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाच्या भावास चढ लागला होता तो हा काळ. देणग्या देणारे हात मोकळे होते. १८६५ सालीं तो फुगा फुटला. त्याच सुमारास म्युनिसिपल कमिशनर झालेले आर्थर क्रॉफर्ड यांनीं शहर सुधारण्याच्या भरांत तिजोरीबाहेर खर्च केला, करदात्यांनीं १८७१ सालीं ओरड केली, आणि १८७२ च्या कायद्यानें खर्चाच्या मंजुरीची किल्ली निवडून आलेले सभासद असलेल्या कॉर्पोरेशनच्या हातीं आली. पुढच्याच वर्षीं, १८७३ सालीं, मंडळ मोडून ही बाग म्युनिसिपालिटीकडे आली. वर्गणीनें जन्मलेली बाग कराच्या पैशावर जगूं लागली. वर्षास ठरलेली रक्कम तिच्या नांवें पडत गेली म्हणूनच आज जिजामाता उद्यान या नांवानें ती उभी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळीं १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिकांचा कायदा झाला. त्यांतही उद्यानें ऐच्छिक कर्तव्यांतच राहिलीं. ७४ व्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या बाराव्या परिशिष्टांत उद्यानें, बागा व क्रीडांगणें यांचा स्वतंत्र उल्लेख आला खरा. परंतु परिशिष्टांत नांव आल्यानें तिजोरींत पैसा येत नाहीं. अंदाजपत्रक तयार होतें तें असें: मुख्याधिकारी व लेखापाल आंकडे जुळवितात, स्थायी समिति तपासते, सर्वसाधारण सभा मंजूर करते, व प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. कागद हातीं आल्यास वाचकानें चार रकाने शोधावेत: गत वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, व येत्या वर्षाचा अंदाज. सभेंत टाळ्या पडतात त्या शेवटच्या रकान्यास. इतिहास पहिल्यांत असतो. ‘उद्यान विकास’ या सदरीं मूळ अंदाज भरघोस, सुधारित अंदाज निम्मा व प्रत्यक्ष खर्च किरकोळ अशी उतरंड दिसली, तर पैसा मध्यंतरीं कोठल्या आवश्यक कर्तव्याकडे वळला हें त्याच पत्रकाच्या दुसऱ्या पानांवर सांपडतें.

याहून महत्त्वाचा भेद महसुली व भांडवली खर्चाचा. बागेची भिंत, पायवाट, कारंजें, मुलांचीं खेळणीं हा भांडवली खर्च. त्यास दरसूचीप्रमाणें खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तक व देयक अशी पायरीपायरीची वाट आहे, व शेवटीं उद्‌घाटन आहे. माळ्याचा पगार, पाण्याचें देयक, खत, पहारा हा महसुली खर्च. त्यास उद्‌घाटन नाहीं. राज्याचें वा केंद्राचें अनुदान बहुधा पहिल्यास मिळतें, दुसरा नगरपरिषदेनें घरपट्टींतून काढावयाचा. बेहेड्यांत जे एकत्र नांदत होते ते बाग आणि माळी येथें दोन निराळ्या पानांवर गेले, व त्यांची गांठ पडण्याची सक्ति कोणावरही उरली नाहीं. रहाटावांचून वाडी लावणारा वाडवळ या किनाऱ्यावर वेडा ठरला असता.

लहान नगरपरिषदांची अडचण खोटी नाहीं. १९९९ सालीं जकात उठली, तेव्हांपासून त्यांची मोठी भिस्त राज्याच्या सहायक अनुदानावर आहे. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं दिलेल्या अनुदानापैकीं साठ टक्के पाणी व स्वच्छता यांसच बांधून दिलें. २०१५ सालच्या ‘अमृत’ योजनेंत उद्यानांसाठीं अडीच टक्क्यांची निराळी तरतूद होती. परंतु ती योजना मुख्यतः एक लाखावरील वस्तीच्या शहरांची. २०११ च्या शिरगणतींत पालघरची लोकसंख्या ६८,९३० भरली होती. याच जिल्ह्यांतील वसई-विरार महानगरपालिका तींत बसली, जिल्ह्याचें मुख्य ठिकाण बाहेर राहिलें.

मग उरते जमीन. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यान्वयें विकास योजनेंत उद्यानासाठीं जागा राखून ठेवतां येते. परंतु योजना अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाहीं, तर १२७ व्या कलमाखालीं मालक नोटीस देऊं शकतो, व ठरलेल्या मुदतींतही संपादनाचें पाऊल न पडल्यास आरक्षण गळून पडतें. संपादनास पैसा लागतो व तो अंदाजपत्रकांत धरावा लागतो. एका वर्षीं कोरा राहिलेला रकाना पुढें भरून काढतां येतो. दहा वर्षें कोरा राहिलेला रकाना म्हणजे नकाशावरील हिरवा तुकडा कायमचा गेला. आमच्या मतें उद्यानासंबंधीं नगरपरिषदेचा सर्वांत मोठा निर्णय सभेच्या ठरावांत बहुधा दिसतच नाहीं; तो या कोऱ्या रकान्यांत असतो.

बोईसर-तारापूरकडे पाहतां हा प्रश्न आणखी बिकट होतो. १९६९ सालीं तारापूरजवळ देशांतील पहिलें अणुविद्युत्‌ केंद्र सुरू झालें. पुढें औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत बोईसरास वाढली. २०११ च्या शिरगणतींत बोईसर शहर म्हणून मोजलें गेलें, पण कारभार ग्रामपंचायतीचा होता. वसाहतींतील रस्ते, पाणी व मोकळ्या जागा महामंडळाकडे, गांवठाणाचा कारभार ग्रामपंचायतीकडे, व दोहोंच्या मधल्या चाळींत राहणारा कामगार कोणाच्याच अंदाजपत्रकांत पुरता नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं ज्या औद्योगिक क्षेत्रांस अतिप्रदूषित ठरविलें त्यांत तारापूर आहे. जेथें झाडांची गरज सर्वांत अधिक तेथेंच बागेची रक्कम धरणारा एकच एक हात नाहीं.

आतां कागदांविषयीं. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असतात; ‘अ’ वर्गाचे कागद कायम राखावयाचे, ‘ड’ वर्गाचे वर्षभरांत नष्ट करावयाचे. ठरावांचीं पुस्तकें टिकतात. माळ्यांचे हजेरीपट, पाण्याच्या टांक्यांचीं देयकें, रोपांच्या खरेदीच्या पावत्या हे किरकोळ कागद आधीं जातात. म्हणजे बाग जिवंत होती याचा पुरावाच आधीं जातो. अंदाजपत्रकाचें पुस्तक ठेवून त्याखालची चिठ्ठीचपाटी जाळणें हें बेहेडा ठेवून ताळेबंद जाळण्यासारखें आहे.

सबब आमची विनंति अशी कीं, केळवें-माहीम, पालघर, डहाणू, चिंचणी व तारापूर येथील जुन्या घरांतून, विशेषतः ज्यांचे वडीलधारे म्युनिसिपालिटींत सभासद, कारकून किंवा ठेकेदार होते त्यांच्या पेट्यांतून, वार्षिक हिशेब, छापील अंदाजपत्रकें, बागेच्या वा रस्त्यांवरील झाडांच्या ठेक्यांचे करार, माळ्यांच्या पगाराच्या याद्या निघाल्यास त्या रद्दींत न घालतां त्यांची नक्कल करूं द्यावी. पानें सुटीं असलीं, कसर लागलेली असली, साल फाटलेलें असलें तरी चालेल. मूळ कागद मालकाकडेच राहतील.