गोदीतच फुटलेल्या युद्धनौका

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

बारामती-इंदापूरकडच्या आपल्यासारख्यांना मोठं पाणी म्हणजे उजनीचं. समुद्र लांब, त्यात फ्रेंच युद्धनौका तर आणखी लांब. पण ही गोष्ट समजायला समुद्र लागत नाही, कडब्याची एक गंज पुरते.

कडबा ओला असतानाच रचला तर काय होतं, घरातल्या आजोबांना विचारा. बाहेरून गंज गप्प दिसते, आत हात घातला की चटका. आत तयार झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती वाढतच जाते. कधी गंज आपोआप पेटते. मग गावात चर्चा सुरू, काडी कुणी लावली?

आता चला 1907 सालच्या फ्रान्समध्ये. दक्षिणेला तुलाँ नावाचं नौदलाचं बंदर आहे. 12 मार्चला तिथल्या कोरड्या गोदीत ‘येना’ ही सुमारे 12 हजार टनांची युद्धनौका दुरुस्तीला उभी होती. दुपारी दीडच्या सुमारास तिच्या दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट सुरू झाले. एरवी अशा वेळी कोठारात पाणी सोडतात. पण गोदी कोरडी, पाणी आणायचं कुठून? जवळच्या ‘पात्री’ या युद्धनौकेने गोदीचं दार फोडायला तोफ डागली, तर गोळा दारावरून उसळून गेला. शेवटी एका तरुण अधिकाऱ्याने दार उघडलं आणि उडालेल्या तुकड्यांनी त्याचाच जीव घेतला. सुमारे 120 माणसं गेली.

शत्रू कुठेच नव्हता. संशय गेला तो तोफेच्या दारूवर. 1884 मध्ये पॉल व्येय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू शोधली होती, तिचं नाव ‘पूद्र बी’. जुन्या काळ्या दारूचा धूर इतका, की डागल्यावर समोरचं दिसायचं नाही. नव्या दारूने तो प्रश्न सुटला. पण ती बनायची कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून, आणि हे रसायन काळानुसार विघटित होतं. त्यातून निघणारे वायू विघटनाचा वेग वाढवतात, वर जहाजाच्या पोटातली उष्णता. झाली की नाही ओल्या कडब्याची गंज?

ती टिकावी म्हणून सुरुवातीला त्यात अमाइल अल्कोहोल घालत, पण ते हळूहळू उडून जायचं. जुनी दारू पुन्हा मळून वापरातही आणली जायची. म्हणजे डब्यावरच्या तारखेवरून आतल्या मालाचं खरं वय कळेलच असं नाही.

‘येना’नंतर चौकश्या झाल्या, तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. 1908 मध्ये नौदलमंत्री गास्ताँ तोमसाँ यांना पद सोडावं लागलं. मंत्री गेले, दारू मात्र जहाजांवरच राहिली.

25 सप्टेंबर 1911. तेच बंदर, पहाटेची वेळ. सुमारे 15 हजार टनांच्या ‘लिबर्ते’वर आग लागली. ती विझवायची धडपड चालू असतानाच कोठार उडालं आणि जहाज फाटलं. चिलखताचा एक अजस्र तुकडा शेजारच्या ‘रेपुब्लिक’वर जाऊन आदळला. दोन्ही नौकांवरचे आणि मदतीला आलेले धरून सुमारे 300 जण गेले. ‘लिबर्ते’चा सांगाडा 1925 पर्यंत बंदरातच पडून होता.

त्यानंतर मात्र तपासणी कडक झाली, जुना साठा काढला गेला. दारूत डायफेनिलअमाइन मिसळणं रूढ झालं. ते विघटनातून निघणारे वायू पकडून ठेवतं आणि साखळी तुटते. उपाय एवढासाच.

आपल्याकडेही बंदरात असाच कहर झाला होता. 14 एप्रिल 1944, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. तिथलं कारण वेगळं, आग कापसाला लागली. पण चूक ओळखीची: धोका माहीत होता, तरी शेजारी शेजारी रचला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. दरवर्षी 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच आठवणीत असतो.

‘येना’ने इशारा दिला होता. तो ऐकायला चार वर्षं आणि सुमारे 300 माणसं लागली. पहिल्या अपघातानंतर नुसतं ‘जबाबदार कोण’ एवढंच विचारून थांबलं, की दुसरा अपघात रांगेत उभा असतो. गंज तापलीय हे कळलं, तर ती त्याच दिवशी मोकळी करायची असते.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर आजोबांना तो कडब्याचा प्रश्न नक्की विचारा!