सोडून दिलेला डाव

बुद्धिबळात हार मुख्यतः दोन तऱ्हांनी येते. एक तर राजावर मात होते, नाही तर मात होण्याआधीच खेळाडू डाव सोडतो. नामांकित खेळाडूंच्या बाबतीत बहुधा दुसरीच तऱ्हा घडते. पुढचे त्यांना आधीच दिसते, मग खेळ लांबवायचा कशाला? पण जे दिसले ते पटावर खरोखरच होते का? अशी शंका घ्यायला लावणाऱ्या एका डावाची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

स्थळ न्यूयॉर्क, तारीख ४ मे १९९७. पटाच्या एका बाजूला गॅरी कास्पारोव्ह, १९८५ साली अवघ्या २२ व्या वर्षी जगज्जेते झालेले ग्रँडमास्टर. दुसऱ्या बाजूला आय.बी.एम. कंपनीचा ‘डीप ब्लू’ हा संगणक. यंत्राला हात नाहीत, तेव्हा त्याच्या वतीने एक माणूस मोहरे हलवी. मात्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याची त्याची ताकद होती. आदल्या वर्षी, १९९६ मध्ये, फिलाडेल्फियाला कास्पारोव्ह यांनी त्याला ४-२ असे हरवले होते. न्यूयॉर्कच्या सामन्यातला पहिला डावही त्यांनीच जिंकला. आता दुसरा डाव सुरू होता आणि पांढरी मोहरी यंत्राकडे होती.

पस्तीस खेळ्या झाल्या. पांढऱ्याची बाजू वरचढ होती. त्या वेळी वजीर आत घुसवून दोन प्यादी खाण्याची वाट यंत्रापुढे उघडी होती. आता संगणक म्हटला की तो हावरा, हाताशी आलेले प्यादे तो सोडायचा नाही, असा त्या काळच्या खेळाडूंचा अनुभव होता. कास्पारोव्ह यांनाही तेच हवे होते. वजीर प्यादी वेचण्यात गुंतला की मधले काळे प्यादे एक घर पुढे सारायचे, म्हणजे मागच्या उंटाची तिरकी वाट मोकळी होऊन पांढऱ्या राजावर हल्ला चढवता येतो.

पण यंत्राने प्यादी खाल्लीच नाहीत. आधी त्याने प्याद्यांची मारामारी उरकली आणि ३७ व्या खेळीला आपला उंट ई-४ या घरावर, त्या काळ्या प्याद्याच्या अगदी पुढ्यात, आणून ठेवला. वाट बंद! प्रतिहल्ल्याची सारी आशा मावळली. एखाद्या मुरलेल्या ग्रँडमास्टरने खेळावी अशी ही खेळी होती. कास्पारोव्ह हादरले. ४५ व्या खेळीला यंत्राने हत्ती ए-६ वर नेला, आणि त्यांनी डाव सोडला.

खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना सांगितले, की तुम्ही सोडलेल्या डावात बरोबरी होती! शेवटच्या स्थितीत काळ्याने वजीर ई-३ वर घुसवायचा, आपला उंट खुशाल मरू द्यायचा आणि हत्ती ई-८ वर आणायचा. मग काळा वजीर पांढऱ्या राजाला शहामागून शह देत राहतो आणि राजाला निवारा सापडत नाही. ४४ व्या खेळीला यंत्राने राजा चुकीच्या घरात नेला होता, त्यामुळेच ही फट उरली होती.

एवढ्या मोठ्या खेळाडूला हे दिसले का नाही? कारण त्यांनी ते शोधलेच नाही. ज्याने ई-४ ची ती खेळी शोधली, तो असा साधा शह कसा राहू देईल, असे त्यांनी गृहीत धरले. समोर माणूस असता तर त्याच्या हिशेबावर त्यांनी इतका विश्वास टाकला असता काय?

या धक्क्यातून ते सावरले नाहीत. यंत्राला आतून माणसाची मदत मिळते की काय, असा संशय त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला आणि यंत्राच्या नोंदी मागितल्या. कंपनीने त्या पुढे प्रसिद्ध केल्या. नंतरचे तीन डाव बरोबरीत सुटले. ११ मे रोजी सहावा डाव अवघ्या १९ खेळ्यांत संपला आणि सामना ३॥-२॥ असा यंत्राने जिंकला.

वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, कास्पारोव्ह यांनी ‘डीप थिंकिंग’ हे पुस्तक लिहिले. तोवर साध्या संगणकावरचे कार्यक्रमही ‘डीप ब्लू’हून सरस झाले होते. त्यांच्या मदतीने जुने डाव तपासताना स्वतःच्या चुका त्यांनी मोकळेपणी मांडल्या आणि लबाडीचा आरोपही मागे घेतला. हरलेल्या डावाची अशी झाडाझडती घेणे सोपे नसते.

वाचकहो, आज हिशेबाची कामे आपण यंत्रावर सोपवतो, आणि सोपवावीतही. पण त्याने दिलेले उत्तर पुढ्यात आले की कागद मिटण्यापूर्वी एकदा स्वतः पडताळून पाहायला काय हरकत आहे? त्या दिवशी न्यूयॉर्कला तेवढेच राहून गेले होते.