भाषेची परीक्षा कोणी घ्यावी? सुरतेच्या निमित्ताने

उपयोजित भाषाविज्ञानाची पदव्युत्तर पदवी देताना विद्यार्थ्याकडून काय मागावे, हा प्रश्न विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांपुरता मर्यादित आहे असे वरवर वाटते. लेखी परीक्षा किती गुणांची, प्रबंधिका किती पानांची, क्षेत्रकार्य सक्तीचे की ऐच्छिक, एवढाच त्याचा व्याप दिसतो. परंतु ज्यांच्या गावाचे राज्य भाषेच्या निकषावर ठरले, किंवा त्या निकषाला डावलून ठरले, त्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न कोरडा वाटू नये. भाषा ओळखण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार कोणत्या परीक्षेतून सिद्ध व्हावा, हाच त्याचा गाभा आहे.

आरंभ सुरतेपासून करणे उचित ठरेल. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून गौरविले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतरची काही वर्षे ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली तेथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेत दुर्गाराम मेहतांच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता. मराठीचे नियम बांधणारा मनुष्य गुजराती नगरीत अध्यापन करीत होता आणि त्यात कोणास काही विपरीत वाटत नव्हते, हे आज मुद्दाम आठवावेसे वाटते. पुढे मुंबईस परतल्यावर अध्यापक घडविणारा नॉर्मल क्लास त्यांच्याकडे आला. व्याकरण लिहिणे आणि ते शिकविणारे शिक्षक तयार करणे ही दोन्ही कामे एकाच हातून झाली. उपयोजित भाषाविज्ञान हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता; काम मात्र तेच होते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा देशी भाषांना परीक्षांत स्थान होते. पाच-सहा वर्षांतच मॅट्रिकच्या पुढे त्यांना वगळण्यात आले आणि संस्कृतादी अभिजात भाषांची सद्दी सुरू झाली. या निर्णयाने मराठी आणि गुजराती या दोघींनाही सारखेच बाहेर काढले, हे विसरता कामा नये. सुरतेचे कवी नर्मद यांनी एकट्याच्या बळावर रचलेला ‘नर्मकोश’ १८७३ साली छापून निघाला, त्या वेळी त्यांच्या भाषेला विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत जागा नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी हा अन्याय दूर व्हावा म्हणून दीर्घकाळ खटपट केली. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले, एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना मिळालेला प्रवेश हे त्यांच्या अखेरच्या दिवसांतील यश.

एका गोष्टीची खंत मात्र राहते. प्रवेश मिळाला तो प्रामुख्याने साहित्याला. भाषेच्या शास्त्राची वाट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत कधीच उघडून दिली होती. संस्कृत, पाली, प्राकृतांपासून मराठी, गुजराती, सिंधी, हिंदी यांच्यापर्यंतचा उतरता प्रवाह त्यांनी उलगडून दाखविला होता. तरीही पदवीच्या परीक्षेत विद्यार्थ्याला ग्रंथ वाचता येतो की नाही हेच पाहिले गेले. एखाद्या पाड्यावर बसून तेथील बोली टिपून घेता येते की नाही, हे नव्हे. मराठीच्या घडणीवरील पहिला सर्वांगीण शास्त्रीय प्रबंध झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने पॅरिसमध्ये लिहिला आणि त्याचा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये केला. याचा विषाद मानायचा की आनंद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या उणिवेची किंमत डांगात दिसली. विसाव्या शतकाच्या आरंभी डांगचा कारभार सुरतेच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली होता. १९४९ साली बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी तेथे दौरा केला आणि डांगची बोली गुजरातीकडे झुकते असा निष्कर्ष जाहीर केला. दोघेही कर्तबगार राजकारणी. परंतु बोलीभाषेचे अभ्यासक नव्हेत. त्यावर महाराष्ट्रात वादळ उठले, तरी १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. क्षेत्रकार्याच्या परीक्षेला बसलेला एखादा विद्यार्थी काही दिवसांच्या दौऱ्यावर असा निष्कर्ष मांडता, तर परीक्षकांनी त्याला प्रथम हेच विचारले असते: नमुने किती, कोणत्या गावचे, स्त्रियांचे किती, बाजारातील भाषा आणि चुलीपाशी बोलली जाणारी भाषा यांत भेद केला का?

असा निवाडा सोपा नसतो हेही मान्य केले पाहिजे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा, १९०५ चा. खानदेशी मात्र त्यात नाही, ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांच्या सोबत आहे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. गुजराती कानाला त्यात ‘छे’ ऐकू येते. ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात. एकेक शब्द उचलला तर कोणताही पक्ष सिद्ध करता येतो. म्हणूनच ध्वनी, रूपव्यवस्था, शब्दसंपदा आणि बोलणाऱ्याची स्वतःची ओळख ही चारही अंगे एकत्र तपासावी लागतात. डेक्कन कॉलेजमधून १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात कुडाळीबरोबर ठाणे जिल्ह्यातील वारलीलाही स्थान मिळाले. ते काम डांगच्या निवाड्याआधी झाले असते तर!

आजची सुरत या अभ्यासाला आयतेच क्षेत्र देते. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठी आहे. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार पायऱ्या ते मूल रोज चढते-उतरते. जनगणना त्याच्या घरच्या बोलीला मराठीहून वेगळ्या खानदेशी या नावाखाली मोजते. त्याला पहिलीत वाचायला कसे शिकवावे, हा उपयोजित भाषाविज्ञानाचा प्रश्न आहे. सुरतेतील विद्यापीठाला नर्मदाचेच नाव आहे. तेथे, पुण्यात किंवा मुंबईत जो कोणी या विषयाची पदव्युत्तर पदवी घेईल, त्याच्या गुणांतील निदान तिसरा हिस्सा अशा वस्तीत ध्वनिमुद्रण करून, ते लिपीबद्ध करून आणि तेथील शिक्षकांपुढे मांडून मिळवलेला असावा, एवढी मागणी अभ्यासमंडळांकडे करण्यास आपल्यापैकी कोणासही हरकत नसावी.