दोन सेलेरॉन आणि एक बारसं

२००० सालाच्या आसपास तुम्ही एच-वनवर अमेरिकेत आला असाल, तर हा वैताग तुमच्याही वाट्याला आला असेल. इथे काढलेली व्हिडिओ कॅसेट घरी पाठवली, तर ती तिथे दिसत नसे. इथली पद्धत एनटीएससी, भारतातली पाल. सांगलीला आमच्या व्हीसीआरमध्ये इथली टेप घातली की पडद्यावर नुसत्या पट्ट्या सरकत राहायच्या. मार्च २००० मध्ये सनीवेलच्या अपार्टमेंटमध्ये आमच्या मुलीचं बारसं झालं. आई-बाबांचा व्हिसा वेळेत झाला नव्हता. त्यांना बारसं दाखवायचं, तर कॅमेऱ्यातलं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवून त्याची व्हीसीडी करायची आणि पोस्टात टाकायची, एवढाच मार्ग होता. व्हीसीडी प्लेअर तोवर सांगलीत आमच्या शेजाऱ्यांकडेही पोचला होता.

हे काम ज्या कॉम्प्युटरवर झालं, त्यात दोन प्रोसेसर होते. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही सहा-आठ कोअर असतात, त्यामुळे यात विशेष काय, असं वाटेल. पण तेव्हा घरच्या टेबलावर दोन प्रोसेसर म्हणजे एकतर चैन, नाहीतर वेड. 'मग दुप्पट वेगात चालतो का?' हे प्रत्येक पाहुणा विचारायचा. गेममध्ये जवळजवळ नाही, व्हिडिओच्या कामात बऱ्यापैकी हो, आणि खरा फायदा तिसऱ्याच ठिकाणी. हे उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, म्हणून आता देतो.

घरगुती वापरासाठी दोन प्रोसेसरची कल्पना मांडणाऱ्यांत सगळ्यात हौशी माणूस म्हणजे जाँ-लुई गासे. हा फ्रेंच गृहस्थ आधी ॲपलमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता. तिथून बाहेर पडून त्याने 'बी' नावाची कंपनी काढली आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये बीबॉक्स आणला. त्यात ६६ मेगाहर्ट्झचे दोन पॉवरपीसी ६०३ होते. मौज म्हणजे हा प्रोसेसर जोडीने चालवण्यासाठी बनवलेलाच नव्हता, त्यांनी खटपट करून चालवला. पुढच्या बाजूला दिव्यांच्या दोन उभ्या रांगा होत्या आणि कोणता प्रोसेसर किती राबतोय ते त्यांवर दिसायचं. बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीचं काम वेगळ्या धाग्यावर चाले, त्यामुळे एकाच वेळी अनेक व्हिडिओ सुरू ठेवले तरी माउस अडखळत नसे. एवढं असूनही बीबॉक्स जेमतेम दोनेक हजार निघाले आणि १९९७ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. गासेची कल्पना योग्य होती, पण चार-पाच वर्षं आधी आली, असं माझं मत आहे.

आमच्यासारख्यांच्या हाती दोन प्रोसेसर आले ते १९९९ मध्ये, आणि तेही आडवाटेने. इंटेलचा सेलेरॉन हा स्वस्तातला प्रोसेसर. जोडी हवी असेल तर महागडा पेंटियम थ्री घ्या, असा कंपनीचा हिशोब. पण एका जपानी हौशी माणसाने स्लॉटमधल्या सेलेरॉनला भोक पाडून, एक तार डकवून दोन सेलेरॉन एकत्र चालवून दाखवले. मग ॲबिट या तैवानी कंपनीने बीपी-६ हा मदरबोर्ड काढला. सॉकेटमधले दोन साधे सेलेरॉन बसवा, भोकं नकोत की तारा नकोत. शिवाय ३६६ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन घेऊन बसचा वेग ६६ वरून १०० केला, की नशिबाने साथ दिल्यास तो ५५० वर धावे. असे दोन सेलेरॉन मिळूनही ५५० च्या एका पेंटियम थ्रीपेक्षा कितीतरी स्वस्त पडत. मी दोन्ही 'फ्राइज'मधून आणले. पंखे असे घोंघावायचे की बायको त्याला पिठाची गिरणी म्हणायची.

आता गेमचं बघू. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. एनटी ४ ला दिसे, पण तिथे डायरेक्टएक्स जुनाट, त्यामुळे निम्मे गेम चालायचेच नाहीत. म्हणजे प्रोसेसर दोन हवेत की गेम, ते ठरवा! फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आलं आणि ही कोंडी थोडी फुटली. तरीही गेम लिहिणाऱ्यांनी सगळा हिशोब एकाच प्रोसेसरचा धरलेला होता. अपवाद क्वेक थ्रीचा. आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकने त्यात 'आर एसएमपी' नावाची एक सोय ठेवली होती. ती चालू केली की एक प्रोसेसर पुढच्या दृश्याची जुळवाजुळव करी आणि दुसरा आधीचं दृश्य ग्राफिक्स कार्डाकडे पाठवी. चाललं तर वेग वाढलेला जाणवे, दुपटीच्या मात्र जवळपासही नाही. आणि ड्रायव्हरची आवृत्ती बदलली की गेम कोसळण्याचीही तयारी ठेवायची.

दुप्पट का नाही, याचं उत्तर जीन ॲमडालने १९६७ मध्येच देऊन ठेवलं होतं. पुरणपोळीचा घाट आठवा. पोळ्या लाटायला एकीऐवजी दोघी बसल्या तर ते काम निम्म्या वेळात होईल, पण डाळ शिजायला लागतो तो वेळ लागणारच. १०० मिनिटांच्या कामातलं ९० मिनिटांचं काम वाटून घेता आलं, तर दोन प्रोसेसर ते सगळं ५५ मिनिटांत उरकतात. ३० मिनिटांचंच वाटता आलं, तर ८५ लागतात. गेम दुसऱ्या प्रकारात बसायचे. तुम्ही कळ दाबता, त्यावर शत्रू काय करणार ते ठरतं, त्यावरून दृश्य ठरतं, अशी एकामागे एक साखळी. व्हिडिओ मात्र पहिल्या प्रकारातला. चित्राचे तुकडे करा आणि वाटून घ्या. जुलै २००० मध्ये स्टीव्ह जॉब्सने न्यू यॉर्कमध्ये दोन प्रोसेसरचा पॉवर मॅक जी-४ दाखवला. मॅक ओएस ९ दुसऱ्या प्रोसेसरला फारसं कामच देत नसे. फोटोशॉपसारख्या मोजक्या प्रोग्रॅमना तेवढा त्याचा उपयोग होई. बाकीच्यांना २००१ मध्ये मॅक ओएस एक्स येईपर्यंत थांबावं लागलं.

आमच्या बारशाचं चित्रण डीव्ही टेपवर होतं. ते कॉम्प्युटरवर घेताना तासाला सुमारे १३ जीबी जागा खायचं. विंडोज ९८ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नसे, म्हणजे अठरा-एकोणीस मिनिटांनी तुकडा पाडा. शिवाय टेप उतरत असताना कुणी माउसला हात जरी लावला तरी मधल्या फ्रेम गळायच्या. विंडोज २००० आणि दुसरा प्रोसेसर आल्यावर या दोन्ही कटकटी गेल्या. व्हीसीडीसाठी एन्कोडिंग लावलं की आधी अख्खी रात्र जायची, ते आता पहाटे तीनच्या आत संपायला लागलं.

आणि तिसरा फायदा तो हा. एन्कोडिंग चालू असतानाही कॉम्प्युटर माझ्या हाताला ओ देत होता. एका बाजूला पाळण्याची गाणी पाल पद्धतीत बदलत होती, दुसऱ्या बाजूला मी घरी ईमेल लिहीत होतो. मंडळातला एक मित्र तर एन्कोडिंग चालू असतानाच क्वेक खेळत बसायचा. गेम मोजायच्या चाचण्यांत ही सोय कुठेच उमटत नसे. एकदा सवय झाली की एका प्रोसेसरचं ऑफिसातलं मशीन मात्र झोपाळू वाटायचं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मे २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही एकाच चिपमध्ये दोन कोअर घातले आणि घरच्या कॉम्प्युटरला दुसऱ्या सॉकेटची गरज उरली नाही. घड्याळाचा वेग वाढवत नेण्याचा रस्ता उष्णतेमुळे बंद झाला होता. त्याच वर्षाअखेरीस तीन कोअरचा एक्सबॉक्स ३६० आला आणि गेम लिहिणाऱ्यांना काम वाटून द्यायला शिकावंच लागलं. गेमना ही शिस्त लावली ती कन्सोलने, आमच्या बीपी-६ ने नाही, हे मान्य करायला हवं. २००८ मध्ये इंटेलने स्कलट्रेल नावाने दोन सॉकेट आणि आठ कोअरचं गेमिंग मशीन आणून पाहिलं. रेंडरिंगला उत्तम, पण गेमच्या बाबतीत ते कित्येकदा एका प्रोसेसरच्या स्वस्त मशीनच्या मागेच राहायचं. मेमरी सर्व्हरची होती, महागही आणि संथही.

माझ्या डिस्कवर तेव्हा जागा नव्हती, म्हणून व्हीसीडी झाल्यावर मूळ डीव्ही फाइल मी पुसून टाकली. टेपवर पुढे गणेशोत्सवाचं नाटक चढलं. आज त्या बारशाचं काही उरलं असेल, तर सांगलीच्या कपाटातली ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची ती धूसर व्हीसीडी. बाबांनी ती इतक्यांदा लावली की त्यावर ओरखडे आले आहेत, आणि आत्याने कानात नाव सांगितल्याचा क्षण नेमका त्या ओरखड्याखाली अडकतो.

तुमच्याही गराजमध्ये त्या काळचं एखादं मशीन पडलं असेल. ते रिसायकलिंगला देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्या. आयडीईवरून यूएसबीवर नेणारी केबल अजून मिळते.