कर्नाटकसिंह गंगाधरराव देशपांडे

राजकीय पक्षाच्या इतिहासात अधिवेशनाच्या अध्यक्षांचे नाव ठळकपणे नोंदले जाते; मात्र ते अधिवेशन घडवून आणणारे, निधी जमवणारे आणि गावोगावी शाखा उभ्या करणारे कार्यकर्ते बहुधा पडद्याआड राहतात. कर्नाटकातील राष्ट्रीय चळवळीचा असा एक आधारस्तंभ म्हणजे गंगाधरराव बाळकृष्ण देशपांडे. कन्नड जनतेने त्यांना ‘कर्नाटकसिंह’ म्हणून गौरविले; त्यांनी स्वतःची जीवनकथा मात्र मराठीत लिहिली. कर्नाटकात स्थायिक झालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने त्यांचे चरित्र जाणून घ्यावे, यामागे हेच कारण आहे.

गंगाधररावांचा जन्म 1871 सालचा. बेळगाव जिल्ह्यातील हुदली हे त्यांचे गाव आणि घराणे वतनदार. वतनाच्या आधारे निवांत आयुष्य घालवणे त्यांना सहज शक्य होते. परंतु लोकमान्य टिळकांच्या विचारांनी ते भारावले आणि बेळगावातील राष्ट्रीय पक्षाचे काम त्यांनी अंगावर घेतले. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच काळात काकासाहेब कालेलकरांशी त्यांचा स्नेह जुळला. 1916 च्या एप्रिल महिन्यात टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगाव येथे केली. हे शहर टिळकांना आपले वाटावे, यासाठी गंगाधररावांसारख्या अनुयायांनी आधीची अनेक वर्षे परिश्रम घेतले होते.

1920 साली दोन घटना घडल्या. ऑगस्टमध्ये लोकमान्य निवर्तले आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्यांची भाषावार रचना स्वीकारली. टिळकांच्या कित्येक अनुयायांना गांधीजींचा मार्ग मानवला नाही; गंगाधररावांनी मात्र तो निष्ठेने स्वीकारला. नव्या रचनेत बेळगाव कर्नाटक प्रांतिक समितीकडे आले. ‘केसरी’च्या वातावरणात घडलेल्या या नेत्याने कन्नड भाषकांच्या समितीचे नेतृत्व केले आणि अध्यक्षपदही भूषविले.

त्यांच्या संघटनकौशल्याची खरी कसोटी लागली ती 26 व 27 डिसेंबर 1924 रोजी भरलेल्या बेळगाव अधिवेशनात. गांधीजींनी अध्यक्षपद स्वीकारलेले काँग्रेसचे हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव. टिळकवाडीच्या परिसरात उभारलेल्या नगराला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विजयनगर’ हे नाव दिले. हंपीच्या गोपुराच्या धर्तीवर प्रवेशद्वार उभे राहिले. पाण्यासाठी विहीर खोदण्यात आली व तिला ‘पंपासरोवर’ म्हटले गेले. ती विहीर आजही तेथे पाहावयास मिळते. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या सेवादलाच्या स्वयंसेवकांनी शिस्तीचा भार वाहिला. गांधीजींसाठी बांधलेली कुटीही त्यांना महालासारखी वाटली व तसे त्यांनी बोलूनही दाखविले. ज्या नेत्यासाठी इतके कष्ट घेतले, त्याचीच ही टीका यजमानांना पचवावी लागली. सदस्यत्वासाठी चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत देण्याचा नियमही याच अधिवेशनात मान्य झाला.

या मंडपात आणखी एक गोष्ट घडली. हुइलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडाच्या उदयाचे गीत येथे गायिले गेले आणि पुढे ते कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीचे गीत ठरले. स्वागतासाठी गाणाऱ्या मुलींमध्ये बालवयातील गंगूबाई हनगल होत्या. मराठीत लिहिणाऱ्या स्वागताध्यक्षाच्या मंडपातून कन्नड अस्मितेचा स्वर निनादला, आणि त्यात त्या काळी कोणालाही विसंगती जाणवली नाही. पुढील काळात सीमाप्रश्नामुळे दोन्ही भाषांच्या मनांत जी कटुता आली, तिच्या पार्श्वभूमीवर ही घटना विशेष स्मरणीय ठरते.

अधिवेशनानंतर गंगाधररावांनी खादीकार्याला वाहून घेतले. 1927 साली खादीनिधीच्या दौऱ्यात गांधीजी आजारी पडले. आंबोलीत थोडी विश्रांती घेऊन ते नंदी डोंगरावर आले व तेथून बेंगळुरूच्या कुमार पार्कमध्ये काही महिने राहिले. या कर्नाटक दौऱ्याच्या व्यवस्थेत राजगोपालाचारींबरोबर गंगाधररावांचाही हात होता. जुलै महिन्यात बेंगळुरूत खादी प्रदर्शन भरले. म्हैसूर संस्थानच्या या नगरीत चरख्याचा संदेश दुमदुमला, त्यामागे बेळगावच्या या कार्यकर्त्याचेही श्रम होते.

1937 च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन थेट हुदलीत भरले आणि गांधीजी त्या खेड्यात येऊन राहिले. वतनदारांचे गाव सूत कातणाऱ्यांचे गाव झाले होते. हुदलीत आजही खादी तयार होते. 30 जुलै 1960 रोजी गंगाधररावांचे निधन झाले.

आपली भाषा जपणे म्हणजे शेजारच्या भाषेकडे पाठ फिरविणे नव्हे, हे गंगाधररावांनी भाषणापेक्षा कृतीने सिद्ध केले. ज्या भूमीचे अन्न खाल्ले, तिच्या उत्कर्षासाठी झिजणे हे त्यांना कर्तव्य वाटले. आणि आत्मकथा लिहिण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी मराठीचाच आश्रय घेतला. बेंगळुरूत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि कन्नडिगांच्या सहवासात वाढलेल्या पिढ्यांना यातून मिळणारा वारसा दोन्ही भाषांचा आहे. तो पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे हे शाळा आणि पालक यांचे सामायिक दायित्व होय.