मंत्रचळ

घराला कुलूप लावून चार पावले गेल्यावर परत फिरून ते ओढून पाहणारा माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. एकदा ओढून समाधान झाले तर तो सावधपणा. पण दहादा ओढूनही मन मानत नाही, आपण करतो ते व्यर्थ आहे हे कळते आणि तरी हात थांबत नाही, तेव्हा त्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरमंडळींचे नाव लांबलचक आहे: ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. म्हातारपणी हा चळ किती जणांना असतो, हा प्रश्न वरकरणी डॉक्टरांचा. पण त्यालाही इतिहास आहे, आणि सणासुदीला चार पिढ्या एकत्र जमतात तेव्हा तो सांगण्याजोगा आहे.

इंग्रजीचा विख्यात कोशकार सॅम्युएल जॉन्सन याच्यापासून सुरुवात करू. १७५५ साली त्याचा कोश प्रसिद्ध झाला आणि सारे इंग्लंड त्याला मानू लागले. पण हा बुद्धीचा सागर दाराच्या उंबरठ्याशी अडत असे! त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने १७९१ साली लिहून ठेवले आहे की, दारातून जाताना जॉन्सनची पावले ठरलेली असत. अमुक इतक्या पावलांत, अमुकच पाय पुढे टाकून दार ओलांडायचे. चुकले की स्वारी मागे फिरे, पुन्हा नीट उभी राही, सारा विधी पहिल्यापासून करी आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात झपझप चालत सोबत्याला गाठी. घरात आश्रयाला असलेल्या अंध मिसेस विल्यम्सना हाताला धरून नेतानाही पायऱ्यांवर तो त्यांचा हात सोडून देई, नाहीतर आपल्याबरोबर त्यांनाही गरगर फिरवी, असे फ्रान्सिस रेनॉल्ड्स या बाईंनी लिहिले आहे. ही वर्णने वाचून आजच्या वैद्यकांनी त्यात मंत्रचळ ओळखला. काहींना त्याच्या जोडीला टुरेट हा झटक्यांचा विकारही दिसतो.

बॉस्वेलची आणि त्याची गाठ पडली १७६३ साली, तेव्हा जॉन्सन त्रेपन्न वर्षांचा होता. पण त्याच्या विचित्र हालचाली त्याहून फार जुन्या होत्या. ऐन पंचविशीत त्याने ईडियल या खेड्यात शाळा काढली होती. विद्यार्थी मोजकेच, आणि तेही गुरुजींच्या लकबींची टवाळी करणारे. त्यांतलाच डेव्हिड गॅरिक पुढे लंडनच्या रंगभूमीचा नामांकित नट झाला. मास्तरांची नक्कल मुले किती बेमालूम करतात, हे मला, एका मास्तराला, कोणी सांगायला नको. जॉन्सन १७८४ साली पंचाहत्तराव्या वर्षी वारला.

म्हाताऱ्या माणसातला चळ बहुधा म्हातारपणी जन्मलेला नसतो, हे इथे लक्षात ठेवावे. पॅरिसच्या एस्किरोल या वैद्याने १८३८ साली एका चौतीस वर्षांच्या बाईची हकीगत छापली. अठराव्या वर्षी मावशीकडून परतताना तिला शंका आली की, आपल्या एप्रनच्या खिशातून मावशीची एखादी वस्तू तर आली नाही ना? त्या एका शंकेपासून पुढे हिशेबाची भीती आली, पैशाला हात लावण्याची भीती आली, आणि हात झटकणे व धुणे यांना अंत उरला नाही. ही शंका खुळी आहे हे तिला स्वतःला कळत होते; ती त्यावर हसतही असे. कळते पण वळत नाही, ही आपली म्हण तिला अगदी लागू पडते.

अशी माणसे किती? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांचा अंदाज होता, दोन हजारांत एखादे. कारण उघड आहे. जी इस्पितळात आली तेवढीच मोजली गेली. जी लाजेने घरात दडली ती कोण मोजणार? पुढे अमेरिकेत पाच ठिकाणी घरोघर जाऊन माणसांना विचारले गेले. १९८४ साली आकडे बाहेर आले तेव्हा तज्ज्ञही चकित झाले. आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झालेली माणसे शंभरांत दोन ते तीन निघाली! त्याच पाहणीच्या १९८८ सालच्या आकड्यांप्रमाणे, गेल्या महिन्याभरात त्रास असलेले लोक सर्व प्रौढांत शंभरी १.३, आणि पासष्टीच्या पुढे ०.८ होते. म्हणजे वृद्धांत प्रमाण कमी खरे; पण हजार वृद्धांत आठ हा आकडा काही लहान नव्हे. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही प्रौढांमध्ये शंभरी ०.८ च्या आसपास प्रमाण आढळले.

मग वयाबरोबर चळ आपोआप विरतो काय? याचे उत्तर मिळवायला स्वीडनमधल्या गुन्नार स्कूग या डॉक्टरने उभे आयुष्य दिले. १९५४ ते ५६ या काळात तपासलेले रोगी त्याने १९८९ ते ९३ मध्ये स्वतः पुन्हा तपासले. तरुण रोगी आता म्हातारे झाले होते, आणि डॉक्टरही! १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १४४ जणांपैकी शेकडा ८३ जणांचा त्रास कमी झाला होता; मात्र पूर्णपणे मुक्त झालेले शेकडा वीसच. उरलेल्यांनी कमीअधिक प्रमाणात ते ओझे चार दशकांहून अधिक काळ वाहिले होते.

घरात मात्र या ओझ्याला आपण निराळेच नाव देतो. बंगालात शुचिबाई म्हणतात. दिवसभर धुणे, नाहणे, विटाळाची धास्ती. अजिता चक्रवर्ती आणि जी. बॅनर्जी यांनी १९७५ साली त्यावर शास्त्रीय लेख लिहिला. आपल्याकडे म्हणतात, आजींचे सोवळे कडक आहे. सोवळे हा आचार. तो पाळून माणसाला समाधान मिळते. ज्या धुण्यातून समाधान कधीच मिळत नाही, बोटे चिरली तरी मिळत नाही, ते सोवळे नव्हे, ते दुखणे आहे. धर्माचे वा स्वभावाचे नाव मिळाले की दुखण्याला औषध शोधायचे राहून जाते.

आणि औषध आहे. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळात व्हिक्टर मायर याने दोन रोग्यांवर नवा उपाय केला. ज्याची भीती त्याला हात लावायचा आणि मग विधी करायचा नाही; धास्ती चढते, आणि काही वेळाने आपली आपण उतरते. पुढच्याच वर्षी स्पेनमधून क्लोमिप्रमिन या औषधाच्या गुणाचे वृत्त आले. आजही उपचार याच दोन वाटांनी चालतात, औषधे तेवढी अधिक सौम्य आली आहेत. मात्र साठी-सत्तरीपर्यंत ज्याला काही नव्हते त्याला एकाएकी चळ लागला, तर मेंदूच्या दुसऱ्या आजाराची शंका धरून त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांसाठी एक गोष्ट उरली, आणि ती मनाला अवघड वाटेल. अप्पांच्या समाधानासाठी रात्रीतून पाच वेळा उठून कडी पाहून येणारा मुलगा प्रेमानेच उठतो. पण प्रत्येक खेपेला तो चळाला खाऊ घालतो. त्यांना हसू नये, रागावू नये, आणि त्यांच्या वतीने कडीही पाहू नये. जवळ बसावे आणि म्हणावे, "अप्पा, हे तुमच्या स्वभावाचे नाही, दुखण्याचे आहे. दिवाळी झाली की आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ." चाळीस वर्षे जे कोणी बोलून दाखवले नाही, ते एवढ्या एका वाक्याने बोलण्याजोगे होते.