वांझपणाचा दोष आणि प्राणवायूचा ताण

मूल होत नाही म्हणजे बाईत दोष, हा निवाडा आपल्याकडे इतका जुना आहे की त्यावर अपील करावे असे कोणास वाटतही नाही. रांजणगावच्या महागणपतीला नवस बोलणारी बहुधा सूनच. दौंडहून गाडीने पुण्याच्या डॉक्टरकडे खेपा घालणारीही तीच. नवरा पाळीवर गेलेला असतो. आम्ही संघटनेची माणसे पगार, बोनस, रजा यांवर भांडत आलो. पण रजेच्या अर्जामागचे कारण विचारले की पुष्कळदा हेच निघते, आणि म्हणून या प्रश्नाचा इतिहास आम्हांला वाचावा लागला.

त्यातील एक महत्त्वाचे पान 1943 चे आहे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील जॉन मॅक्लिऑड यांना असे आढळले की, पुरुषाचे शुक्रजंतू भरपूर प्राणवायूत ठेवले तर जोमाने धावण्याऐवजी मंदावतात. ज्या वायूवाचून आपण क्षणभर जगत नाही तोच त्यांना मारक! शुक्रजंतू त्या वायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि त्यानेच लुळे पडतात, असा उलगडा झाला. पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज हे द्रव्य घातले की त्यांची गती टिके. 1985 साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने अशा बिघाडास व्यापक अर्थाने ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हटले. आपण त्यास प्राणवायूचा ताण म्हणू. लोखंड गंजते तसाच काहीसा हा प्रकार. शुक्रजंतूचे कवच नाजूक स्निग्ध द्रव्यांचे, आणि बचावाची शिदोरी अगदी तुटपुंजी. कवच बिघडले की गती जाते; आतला आनुवंशिक धागा तुटला तर गर्भ धरूनही न टिकण्याचा धोका वाढतो. मात्र थोडासा हा दाह शुक्रजंतूला स्त्रीबीजात शिरण्याची तयारी करण्यास हवाच असतो. तेव्हा भांडण अतिरेकाशी आहे.

आमच्या शेतकरी बांधवांना यातले अर्धे आधीच ठाऊक आहे. दौंडहून पुण्यास जाताना वाटेत उरुळी कांचन लागते. तेथे मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये ‘बाएफ’ संस्था स्थापन केली आणि संकरित गाईंसाठी गोठवलेले वीर्य खेडोपाडी पोहोचविले. वीर्य गोठवताना व वितळवताना हाच ताण शुक्रजंतूंवर येतो; म्हणून वळूचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून बाहेर पाठवीत नाहीत. म्हणजे गोठ्यात आधी वळूची तपासणी, आणि घरात मात्र बाईला औषधे! या विसंगतीचे आम्हांला फार नवल वाटते.

माणसांच्या उपचारातील मोठी घटना मुंबईच्या गिरणगावात घडली, हे कामगारांनी विसरू नये. परळच्या महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून नलिकाबालिका जन्मली, डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे संशोधन त्यामागे होते. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे 1978 मध्येच साधले होते. पण त्यांना अवहेलना मिळाली आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे आनंद कुमार यांनीच त्यांची कागदपत्रे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. आज अनेक प्रयोगशाळांत गर्भ वाढविताना पेटीतील प्राणवायू हवेतल्या 21 टक्क्यांऐवजी सुमारे 5 टक्के ठेवतात, कारण गर्भाशयातही तो कमीच असतो. काचेतल्या गर्भाची एवढी काळजी घेतात. त्याच्या बापाच्या कामाच्या जागेची चौकशी कोण करतो?

ती चौकशी एकदा कामगारांनीच करविली. 1977 साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रप येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातील मजुरांच्या गप्पांत निघाले की, आपल्यापैकी फारच थोड्यांना मुले होताहेत. त्यांच्या संघटनेने तपासणीचा आग्रह धरला. कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू नव्हतेच. कारण ठरले डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे रसायन. त्याने जनावरांचे वृषण सुकतात हे 1961 सालीच छापून आले होते; कामगारांस कोणी सांगितले नव्हते! 1979 मध्ये अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. हे रसायन शुक्रजंतू तयार होण्याच्या जागेवरच घाव घालते, म्हणजे प्राणवायूच्या ताणाहून हा प्रकार थोडा निराळा. पण प्रश्न तोच.

आज शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. कुरकुंभला रसायनांचे कारखाने. तेथे असेच घडते असा आरोप आम्ही करीत नाही. पण वृषण शरीराहून दोन ते चार अंश थंड राहावे लागतात, आणि उष्णता, तंबाखू, काही रसायने यांनी हा ताण वाढतो. इटलीतील चिनीमातीच्या भट्ट्यांवरील कामगारांत 1992 च्या एका पाहणीत अपत्यप्राप्तीच्या अडचणी अधिक दिसल्या. आपल्याकडे यावर गोळ्यांची बाटली खपते. अमेरिकेत 2370 जोडप्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात (2020) पुरुषांना जस्त व फोलिक आम्ल दिले. मुले झाली 34 टक्के, न देणाऱ्यांत 35 टक्के.

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आमची मागणी अशी आहे: उपचार सुरू करणाऱ्या कामगारास तीन महिने भट्टीवरून व रसायनांच्या खात्यातून हलवावे, त्याचा पगार कापू नये, आणि पहिली तपासणी दोघांचीही व्हावी.